शिवारातील भूजलाचा ताळेबंद कसा मांडावा?

प्रश्न : आमच्या गावातील विहिरी पूर्वी एप्रिलपर्यंत पुरत असत, आता त्या जानेवारीअखेरच तळ गाठतात. मोसंबीच्या बागा जगवण्यासाठी अनेकांनी चारशे-पाचशे फूट बोअर घेतले. काहींना पाणी लागले, काहींचे कोरडे गेले. ग्रामसभेत आता पाण्याचा ताळेबंद मांडावा, असे ठरत आहे. जमिनीखालचे न दिसणारे पाणी आम्ही मोजावे कसे, आणि मोजून साधेल काय?
— एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्टने, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाने, व्यापलेला आहे आणि आपला जिल्हाही त्यातच येतो. या खडकात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात, भेगाळलेल्या थरात आणि सच्छिद्र पट्ट्यांत. खाली अभंग काळा कातळ लागला की साठवणीला जागा फारशी उरत नाही. खोल बोअरला पाणी लागते तेव्हा ते बहुधा एखाद्या चिंचोळ्या फटीतून आलेले असते, आणि ती फट पुष्कळदा वरच्या थरांतूनच भरत असते. ती हुकली की बोअर कोरडा जातो. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून कर्ज काढणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

ही साठवण किती तोकडी आहे, हे आकड्यांवरून पाहू. अशा खडकातून उपशाने प्रत्यक्ष मोकळे होणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के धरतात. म्हणजे एक हेक्टर क्षेत्राखालची पाणीपातळी एक मीटरने उतरली, तर हाती सुमारे २ लाख लिटर पाणी येते. त्याच एक हेक्टरला पिकासाठी ५० मिलिमीटर पाण्याची एक पाळी द्यायची, तर ५ लाख लिटर लागतात. एका पाळीला अडीच मीटर पातळी गेली! दुसरीकडे, दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर धरून वर्षभरात सुमारे ४ कोटी लिटर पाणी लागते, आणि तेवढेच पाणी ८० हेक्टरांच्या एका पाळीत संपते. माझ्या मते ताळेबंदाचा खरा धडा इथेच आहे : पिण्याच्या पाण्याची काटकसर अवश्य करावी, पण टंचाईचा निकाल लागतो तो पिकांच्या निवडीवर आणि पाळ्यांच्या संख्येवर.

मोजणी अवघड नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पसरलेल्या काही विहिरी निवडाव्यात, कठड्यावर कायमची खूण करावी आणि रात्रभर पंप बंद ठेवून सकाळी त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. विहिरी व खुणा दरवर्षी त्याच असाव्यात. मे महिन्यातील आणि पावसाळा सरल्यावरची पातळी यांतील फरकावरून भरण कळते. गावात पर्जन्यमापक असेल, तर पडलेल्या पावसाशी त्याची तुलना करता येते. मात्र पडलेला सारा पाऊस जमेला धरू नये, कारण बेसाल्टच्या प्रदेशात त्याचा लहानसाच हिस्सा भूजलापर्यंत पोहोचतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पातळी नियमित मोजते; तिच्या जिल्हा कार्यालयातून जुन्या नोंदी मागवाव्यात, तथापि त्या मोठ्या पाणलोट क्षेत्रासाठी असल्याने आपल्या शिवाराची मोजणी त्यांनी टळत नाही.

हिशोब ऑक्टोबरमध्ये, रब्बीच्या पेरणीआधी, ग्रामसभेत मांडला तरच उपयोग. पेरणी झाल्यावर भिंतीवर रंगवलेला ताळेबंद शोभेपुरता उरतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने पर्जन्यछायेत राहून दरवर्षी उपलब्ध पाण्यावरून पिके ठरवण्याची शिस्त पाळली आणि शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली. तेथील बंधारे पाहायला सगळे जातात, परंतु ही बंदी स्वीकारण्यास फार थोडी गावे तयार होतात. मोसंबीसारख्या बहुवार्षिक पिकाच्या गावात तर लागवडीचे क्षेत्रच कमी पावसाच्या वर्षाच्या हिशोबाने ठरवले पाहिजे, कारण ज्वारी एक हंगाम टाळता येते, बाग टाळता येत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील वाळलेल्या बागांनी हे दाखवून दिले आहे.

प्रश्न : गावाच्या नळयोजनेच्या विहिरीशेजारी एकाने बोअर घेतला आहे. स्वतःच्या जमिनीतील पाणी त्याचेच नव्हे काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : १८८२च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी काढण्याची मुभा मानली गेली आहे, परंतु ती निरंकुश नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहीर घेण्यावर महाराष्ट्रात १९९३च्या कायद्याने निर्बंध आणले. पुढे २००९चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २०१४ मध्ये अमलात आला. त्यात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींसाठी, विशेषतः अधिसूचित (या कायद्याखाली तशी घोषित केलेल्या) क्षेत्रांत, अधिक कडक तरतुदी आहेत. तक्रार करताना उद्भवापासून बोअरचे अंतर मोजून अर्जात लिहावे, आणि गाव अधिसूचित क्षेत्रात येते की नाही, याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आधी खात्री करून घ्यावी.