गुळवेल सत्त्व, घनवटी, चूर्ण की रस: डेंग्यूनंतर यातलं काय घ्यावं?

डेंग्यू होऊन तीन आठवडे झाले, थकवा जात नाही, घरचे ‘गुळवेल घे’ म्हणून मागे लागलेत. दुकानात गेलात तर चूर्ण, घनवटी, रसाची बाटली आणि सत्त्व असं सगळंच समोर आलं. सत्त्व सगळ्यात महाग, म्हणजे तेच सगळ्यात स्ट्राँग का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. मी वैद्य नाही, पण पुण्यात काष्ठौषधींच्या दुकानात अकरा वर्षं काउंटरवर होतो आणि हा प्रश्न पावसाळ्यात रोज यायचा. ‘सत्त्व’ या नावानेच घोळ होतो. लोकांना वाटतं, अख्ख्या वेलीचा अर्क आटवून त्या डबीत भरलाय.

मी एकदा हौसेने घरी केलं होतं. किलोभर ओली वेल आणली, वरची पापुद्र्यासारखी साल काढली, बोटाएवढे तुकडे करून ठेचले आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवले. सकाळी कुस्करून गाळलं आणि पातेलं तसंच ठेवून दिलं. काही तासांनी तळाशी पांढरा साका बसला. वरचं पाणी ओतायचं, नवीन घालायचं, पुन्हा निवळू द्यायचं, असं चार वेळा. शेवटी ताटलीत वाळलं ते जेमतेम तीस ग्राम. महाग आहे ते यामुळे. पण हा साका म्हणजे मुख्यतः वेलीतला स्टार्च. कडूपणा उतरतो पाण्यात, आणि ते मी मोरीत ओतलं होतं! तेच पाणी मंद आचेवर आटवत नेलं असतं तर काळपट चिकट घन झाला असता. घनवटी त्याचीच. (बाजारातला घन बहुतेक वेळा काढा उकळून, आटवून करतात, पण तत्त्व तेच.) म्हणजे सत्त्व आणि घन यांत कमीजास्त जोराचा प्रश्नच नाही, एक पातेल्याच्या तळचं आणि एक वरचं. वैद्य सत्त्व देतात ते बहुधा पित्त, जळजळ, हातापायांची आग यांवर.

शिवाय सत्त्वात आरारूट मिसळणं फार सोपं. आयोडिनचा थेंब टाकून बघू म्हणाल, तर दोन्ही स्टार्चच, त्यामुळे दोन्ही निळंच होतं. आमच्याकडे एकदा इतकं स्वस्त आणि पांढरंशुभ्र सत्त्व आलं होतं, की मालकांनी त्याची खीर करायचीच काय ती बाकी ठेवली.

चूर्णात अख्खं खोड असतं आणि मात्रा 3 ते 6 ग्राम सांगितलेली आहे. एवढी कडू, धागेदार पूड रोज कोण घेतं? दुसऱ्या आठवड्यात डबी फडताळात. बाटलीतला रस मला फारसा पटत नाही. त्यात टिकवण्यासाठी काहीतरी घातलेलं असतं, आणि अनेकदा आवळा, तुळस, कोरफडही. नक्की किती गुळवेल पोटात गेली ते कळत नाही.

ओळखीची ताजी वेल मिळत असेल तर मी तीच घेईन. बोटभर तुकडा ठेचून दोन कप पाण्यात टाकायचा, आटवून अर्धा कप करायचा. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात एरवी ओली वनस्पती सुकीच्या दुप्पट घ्या म्हटलंय, पण गुळवेल मोजक्या अपवादांत आहे: नेहमी ओलीच वापरायची आणि दुप्पट करायची नाही. वेल नसेल तर घनवटी. डबीमागचं मात्र वाचा, कारण गुळवेलीच्या घनाच्याच, पण ‘संशमनी वटी’ नावाने मिळणाऱ्या काही गोळ्यांत लोहभस्म वगैरेही असतं.

वेल ओळखताना पानावर जाऊ नका, बदामाच्या आकाराची पानं बऱ्याच वेलींना असतात. खोड आडवं कापा, आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते, बाहेरची साल कागदासारखी सुटते. खोडावर चामखिळींसारख्या उठावदार गाठीच गाठी असतील तर सोडून द्या, ती बहुधा हिचीच दुसरी बहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा.

आता तुमच्या बाबतीत खरं महत्त्वाचं. डेंग्यूत यकृताला अनेकदा मार बसतो, एसजीपीटी (रक्ततपासणीत यकृताची इजा दाखवणारा आकडा) वाढलेलं असतं. 2020 च्या शेवटी, कोविडच्या काळात, मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वेल दुसरीच असू शकते म्हणाले. तो वाद राहू द्या, पण तुमचं एसजीपीटी नॉर्मलला आल्याशिवाय मी तुम्हाला सत्त्वाची चिमूटही विकली नसती. मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर आणखी उतरू शकते. संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार (ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) असेल किंवा दिवस गेले असतील तर स्वतःच्या मनाने नकोच.

वैद्यांना विचारून सुरू केलंत आणि मध्येच लघवी गडद पिवळी झाली, जेवणावरची वासना गेली किंवा अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे जाताना ती डबी सोबत न्या.