वाचकांचे प्रश्न : आठवी ते दहावीसाठी ऑनलाइन टिपणवही

नववीच्या वर्गाला ऑनलाइन टिपणं काढायला शिकवायचं आहे. संगणक कक्षात 20 संगणक आहेत, वर्गात 52 मुलं. घरी बहुतेकांकडे पालकांचा एकच फोन असतो. कोणतं साधन घ्यावं आणि सुरुवात कुठून करावी?
– विज्ञान शिक्षिका, सातारा जिल्हा

साधनाच्या निवडीत फार दिवस घालवू नका. घरचे फोन अँड्रॉइडचे असतील तर गूगल डॉक्स पुरेसं आहे, आणि चटकन टिपून ठेवायला गूगल कीप. मायक्रोसॉफ्टच्या वननोटची रचना विद्यार्थ्यांना जास्त जवळची वाटते, कारण त्यात वही, वहीत विभाग आणि विभागात पानं असतात. शाळेकडे मायक्रोसॉफ्टची शैक्षणिक खाती असतील तर वननोटच घ्या. त्यातल्या क्लास नोटबुकमध्ये शिक्षकाचं साहित्य, सगळ्यांची सामायिक जागा आणि प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र वही असे भाग आयते मिळतात. एव्हरनोट मात्र टाळा. डिसेंबर 2023 पासून त्याच्या मोफत योजनेत 50 टिपणं आणि एकच वही मिळते. आठ-नऊ विषय असलेल्या मुलाची ती दिवाळीच्या आत संपेल.

पहिल्या तासिकेला एकच पान आणि एकच नियम शिकवा : फाइलला नाव कसं द्यायचं. ‘विज्ञान9-03-धाराविद्युत-2026-07-14’ असं नाव चालेल. धड्याचा क्रमांक दोन अंकी हवा, कारण बऱ्याच ठिकाणी यादी अक्षरक्रमाने लागते आणि मग 10 वा धडा 2 ऱ्याच्या आधी येऊन बसतो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की ती आपोआप क्रमाने लागते. हे आधी केलं नाही तर महिन्याभरात प्रत्येकाकडे ‘शीर्षक नसलेला दस्तऐवज’ नावाच्या पंधरा फायली जमतात आणि मुलं म्हणतात, वहीच बरी होती.

त्याच तासिकेला शीर्षकाची शैली दाखवा. धड्याच्या नावाला ‘हेडिंग 1’, मुद्द्याला ‘हेडिंग 2’. मुलं हमखास अक्षरं ठळक आणि मोठी करतात, शैली लावत नाहीत. दिसायला दोन्ही सारखं, पण डावीकडची रूपरेषा शैली लावलेल्या शीर्षकांवरूनच धड बनते. रूपरेषा रिकामी किंवा अर्धवट दिसली की चूक इथेच आहे असं समजा.

दुसऱ्या तासिकेला दोन रकान्यांचा तक्ता करायला लावा. ही मांडणी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनी रूढ केली : उजवीकडे रुंद रकान्यात टिपण, डावीकडे अरुंद रकान्यात त्यावरचे प्रश्न, तळाशी दोन-तीन ओळींचा सारांश. ए-फोर पानाचे समास सोडले की साधारण 16 सेंटिमीटर उरतात. त्यातले 5 डावीकडे, 11 उजवीकडे द्या. धाराविद्युत घेतलं तर उजवीकडे ओहमचा नियम, म्हणजे विभवांतर = विद्युतधारा × रोध, आणि त्याखाली एक सोडवलेलं उदाहरण : 12 व्होल्ट, 4 ओहम, म्हणून 3 अँपिअर. डावीकडे ‘ओहमचा नियम काय?’ असा प्रश्न नको. ‘रोध दुप्पट केला तर धारेचं काय होईल?’ किंवा ‘वाहकाचं तापमान वाढलं तर हा नियम लागू राहतो का?’ असे प्रश्न हवेत. उजळणीच्या वेळी उजवा रकाना झाकून डावीकडचे प्रश्न सोडवायचे, एवढ्यासाठीच तर हा खटाटोप आहे. फोनच्या अरुंद पडद्यावर तक्ता चिरडतो. फोनवर लिहिणाऱ्यांनी तक्ता न करता प्रत्येक मुद्द्याखाली ‘प्र.’ लिहून प्रश्न टाकावा. मग ‘प्र.’ शोधला की सगळे प्रश्न एकामागून एक दिसतात.

तिसरी तासिका फक्त शोधण्याची. ‘गेल्या आठवड्यात रोधाचं एकक कुठे लिहिलं होतं, सांगा’ असं विचारून शोधायला लावा. ऑनलाइन टिपणाचा खरा फायदा मुलांना इथे कळतो. ही तासिका गाळली तर सगळा उपक्रम त्यांना जास्तीचा गृहपाठ वाटतो.

52 मुलं आणि 20 संगणक : आठ संगणकांवर दोघं-दोघं, बारा संगणकांवर तिघं-तिघं बसतील. प्रत्येक गटाची फाइल वेगळी ठेवा. सगळ्या वर्गाला एकाच फाइलमध्ये लिहायला लावलं की पाच मिनिटांत कोण कुणाची ओळ पुसतंय याचाच खेळ सुरू होतो. तास संपला की खात्यातून बाहेर पडणं सक्तीचं करा, शक्य असेल तर मुळात ब्राउझरच्या पाहुण्यांच्या (‘गेस्ट’) विंडोतच काम करू द्या; ती बंद केली की खातं मागे उघडं राहत नाही. कुणी विसरलंच तर घरून फोनवर गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ विभागात ‘तुमची उपकरणे’ उघडून शाळेचा संगणक तिथून काढता येतो.

माझी मुलगी दहावीत आहे. ती फळ्याचे आणि मैत्रिणींच्या वह्यांचे फोटो काढते आणि त्यालाच नोट्स म्हणते. फोन भरत आलाय. काय करावं?
– पालक, पुणे

फोटो म्हणजे कच्चा माल. त्याच दिवशी संध्याकाळी त्या फोटोखाली स्वतःच्या शब्दांत तीन ओळी आणि एक प्रश्न लिहिला गेला, तर ते टिपण. दोन दिवसांनी लिहिता येत नाही, कारण सरांनी बाण नेमका का काढला होता हे तोवर आठवत नाही.

फोटोऐवजी गूगल ड्राइव्ह ॲपमध्ये अधिकच्या खुणेवर दाबून ‘स्कॅन’ वापरायला सांगा. ते पानाच्या कडा कापतं, सावली कमी करतं आणि अनेक पानांची एक पीडीएफ बनवतं. फोन पानाला समांतर धरावा आणि उजेड बाजूने यावा. डोक्यावरचा दिवा असेल तर हाताचीच सावली पानावर पडते.

चित्रातला मजकूर अक्षरांत हवा असेल तर संगणकावर ड्राइव्हमधल्या चित्रावर उजवं बटण दाबून ते ‘गूगल डॉक्स’ने उघडायचं. चित्र सरळ असावं आणि 2 एमबीच्या आत. छापील देवनागरी बऱ्यापैकी ओळखली जाते. हस्ताक्षरात मात्रा आणि जोडाक्षरं गळतात, त्यामुळे मैत्रिणीची वही अशी वाचून घ्यायला जाऊ नये. दुरुस्त करण्यात लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

जागेचं म्हणाल तर मोफत गूगल खात्यात 15 जीबी मिळते, पण ती ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिघांत वाटलेली असते. आधी घरच्या लग्नाचे व्हिडिओ हलवा. आणि व्हॉट्सॲपवर पानं पाठवताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत. चित्र म्हणून पाठवली की ती दाबली जातात आणि बारीक अक्षर फुटतं.

मी नववीत आहे. वर्गात टॅबवर टाइप केलं तर जास्त लिहून होतं. मग वही कशाला?
– विद्यार्थी, ठाणे

जास्त लिहून होतं, हाच त्यातला धोका आहे. 2014 साली म्युलर आणि ओपनहायमर या संशोधकांनी दाखवलं की लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी ऐकलेलं जवळपास जसंच्या तसं उतरवतात, आणि संकल्पनेवरच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा मागे पडतात. 2019 साली दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा हा फरक इतका ठळक दिसला नाही. म्हणजे टाइप करणं वाईट, असं ठरत नाही. विचार न करता उतरवणं वाईट.

तुझ्या बाबतीत आणखी एक साधं कारण आहे. दहावीच्या विज्ञानाच्या एका भागाची उत्तरपत्रिका 40 गुणांची, दोन तासांची, आणि ती हातानेच लिहायची आहे. आकृत्यांचा सरावही हातालाच हवा. तेव्हा वर्गात वही वापर, संध्याकाळी वीस मिनिटं ऑनलाइन वही. गणिताची समीकरणं टाइप करत बसू नकोस, वहीतल्या पानाचा फोटो लाव. परिच्छेद मोठा असेल तर क्रोममध्ये गूगल डॉक्सच्या ‘टूल्स’ मेन्यूतलं ‘व्हॉइस टायपिंग’ मराठी निवडून वापर. पूर्णविराम, स्वल्पविराम मात्र नंतर हाताने घालावे लागतील.

शोधपेटीत शब्द टाकला तरी माझंच टिपण सापडत नाही. ॲपमध्ये दोष आहे का?
– विद्यार्थिनी, कोल्हापूर

बहुधा नाही. मराठीत काही अक्षरं डोळ्यांना एकच दिसतात, पण संगणकात वेगळी साठवली जातात. ‘ॲसिड’मधला ॲ हे एकच अक्षर असू शकतं, किंवा ‘अ’ला चंद्र जोडूनही तो बनवता येतो. एका कीबोर्डवरून पहिला उमटतो, दुसऱ्यावरून दुसरा, आणि शोध या दोघांना एक मानेलच असं नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतल्या ऱ्यचं तेच. उपाय असा : फोनवर आणि संगणकावर शक्यतो एकाच जातीचा कीबोर्ड ठेव, आणि शोधताना शब्दाचा निर्धोक तुकडा टाक, म्हणजे ‘ॲसिड’ऐवजी ‘सिड’. अंकांचंही बघ. ‘१०’ लिहून ‘10’ शोधलंस तर मिळेलच याचा भरवसा नाही.

सेमी-इंग्रजीच्या मुलांना दुसरीच अडचण येते. टिपणात ‘अपवर्तन’ असतं आणि शोधताना ‘रिफ्रॅक्शन’ आठवतं. म्हणून प्रत्येक पानाच्या वरती एका ओळीत दोन्ही नावं लिहावीत. इंग्रजी नाव इंग्रजी लिपीत.

तिसरं कारण जुन्या फाँटचं. शिक्षकांकडून आलेल्या प्रश्नसंचांत अजूनही श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर असतो. तो युनिकोड, म्हणजे सगळ्या उपकरणांवर सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत, नसतो, त्यामुळे कीपमध्ये डकवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी रूपांतरकातून युनिकोड करून घे, मग रफार, अर्धी अक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी एकदा डोळ्यांखालून घाल. चुका तिथेच राहतात.

गटाच्या सामायिक टिपणातला निम्मा मजकूर कुणीतरी पुसला. परत मिळेल?
– शिक्षक, नांदेड

गूगल डॉक्स असेल तर मिळेल. संगणकावर ‘फाइल’ मेन्यूत ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडा, पुसण्याआधीची वेळ निवडा, ‘रिस्टोअर’ करा. कुणी पुसलं तेही दिसतं. वर्गासमोर न वाचलेलं बरं. पूर्ण फाइल काढून टाकली असेल तर ड्राइव्हच्या कचरापेटीत ती 30 दिवस राहते, कीपच्या कचरापेटीत टिपण फक्त 7 दिवस.

पुढच्या वेळी दोघांनाच संपादनाचा हक्क द्या, बाकीच्यांना फक्त पाहण्याचा किंवा टिप्पणीचा. कीपमध्ये ही सोय नाही : ज्याला सहभागी केलं तो सगळं बदलू शकतो. गटकामासाठी कीप वापरू नका.

विद्यार्थ्यांची खाती उघडताना शाळेने काय काळजी घ्यावी?
– मुख्याध्यापक, रत्नागिरी जिल्हा

भारतात स्वतःचं गूगल खातं 13 वर्षांपासून सांभाळता येतं, त्याखालच्या मुलाचं खातं पालकांनी फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या सोयीतून उघडायचं असतं. आठवीत जन्मतारीख खोटी टाकण्याची गरज सहसा पडत नाही; तशी टाकू देऊ नका, पुढे खातं अडकलं तर सोडवताना नाकीनऊ येतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या सर्वांना बालक मानलं आहे आणि त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. म्हणून साधनाचं नाव, त्यात काय साठवणार आणि ते कोण पाहणार, एवढं लिहून पालकांची सही आधीच घ्या. टिपणांत आधार क्रमांक, पत्ता, पासवर्ड ठेवायचे नाहीत हे मुलांना बजावून सांगा. वननोटमध्ये विभागाला पासवर्ड लावता येतो, पण तो विसरला तर मायक्रोसॉफ्टकडूनही परत मिळत नाही.

शाळेची खाती दिलीत तर ती बंद करण्याचा दिवसही आधी जाहीर करा. दहावीच्या निकालानंतर किमान दोन महिने ती चालू ठेवा आणि त्या मुदतीत गूगल टेकआउट या खात्यातली माहिती उतरवून देणाऱ्या सेवेतून सगळी टिपणं उतरवून घ्यायला लावा. वैयक्तिक खात्यात ठेवलेली टिपणंही कायमची नसतात : दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर गूगल ते खातं काढून टाकू शकतं.