मुलगा १७ वर्षांचा, खालचा जबडा पुढे आलेला. ऑपरेशन आत्ताच करावं का? (ठाणे)
आत्ता नको. मुलांचा खालचा जबडा १८ ते २१ वर्षांपर्यंत वाढू शकतो; घाई केली तर तो पुन्हा पुढे येतो. सहा महिने ते वर्षाच्या अंतराने काढलेल्या चेहऱ्याच्या बाजूच्या दोन एक्स-रेंमध्ये फरक नसेल, तरच वाढ थांबली समजा.

मग ऑपरेशनच्या आधी दातांना तारा, साधारण १२ ते १८ महिने. या काळात चावा आणखी बिघडलेला दिसतो, कारण कललेले दात हाडावर सरळ उभे केले जातात. घाबरून तारा काढू नका. ऑपरेशन तोंडाच्या आतून होतं. खालचा ओठ काही महिने बधिर राहतो, काहींचा कायमचा. हे सर्जनना आधीच स्पष्ट विचारा. नंतर सुमारे ६ आठवडे पेज, वरणाचं पाणी, मऊ भात. नवी मुंबईत नेरूळ किंवा कामोठ्याच्या डेंटल कॉलेजात ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा लावणारे डॉक्टर) आणि ओरल सर्जन (जबड्याचं ऑपरेशन करणारे) एकाच जागी भेटतात. दोघांचा एकत्र प्लॅन ठरल्यावरच तारा लावा.