बाळाच्या छातीतली ‘गाठ’

प्रश्न : माझा मुलगा पाच महिन्यांचा आहे. डिसेंबरच्या थंडीत खोकला धरला म्हणून एक्स-रे काढला. रिपोर्टमध्ये थायमस ग्रंथी मोठी दिसते असं लिहिलंय. सासूबाई म्हणतात गाठच आहे, मुंबईला दाखवून या. बाळ दूध नीट पितं, वजनही वाढतंय. काय करू?
एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, थायमस मोठी दिसते म्हणजे गाठ झाली असं नव्हे, हे सासूबाईंना आधी सांगा. ही ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर असते आणि तान्ह्या बाळात ती मोठीच असते. फिल्म उजेडासमोर धरलीत तर हृदयाच्या वरच्या बाजूला होडीच्या शिडासारखी तिकोनी सावली दिसू शकेल. तिची कड जराशी नागमोडी असते, कारण ग्रंथी इतकी मऊ की बरगड्यांचा ठसा तिच्यावर उमटतो. अशी मऊ ग्रंथी श्वासनलिका दाबत नाही.

अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशी इथे टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणून तयार होतात. आपल्याच शरीरावर उठणाऱ्या पेशी इथेच संपवल्या जातात; शंभरातल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात. लंडनमध्ये जॅक मिलर यांनी १९६१ साली नवजात उंदरांची थायमस काढली, तेव्हा ते उंदीर संसर्गाने दगावू लागले. तोवर ही ग्रंथी बिनकामाची समजत.

मी हे पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हजारो धडधाकट बाळांना, ‘मोठी’ थायमस आकसावी म्हणून, छातीवर क्ष-किरण दिले गेले. शवविच्छेदनाला येणारी मुलं बहुधा दीर्घ आजाराने खंगलेली असत, आणि आजारपणात थायमस आकसते. तेच माप डॉक्टरांनी नॉर्मल धरलं होतं! पुढे त्या बाळांपैकी कित्येकांना थायरॉइडचा कॅन्सर झाला.

काळजी करायची ती थायमस नसली तर. काही बाळं तिच्याविनाच जन्मतात. कॅल्शियम घटून झटके येतात, हृदयात दोष असतो, तोंडात बुरशी आणि संसर्ग हटत नाहीत.

तुमच्या बाळाला श्वास घेताना आवाज येत असेल, दूध पिताना दम लागत असेल, तर आजच तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे न्या. शंका उरलीच तर छातीची सोनोग्राफी पुरते, त्यात किरण नसतात आणि ती नाशिकमध्येच होते. खोकला थांबला असेल तर नुसत्या थायमससाठी पुन्हा एक्स-रे काढू नका.