चिंच रिकामी आहे, पण तोडू नका

तुमचा प्रश्न असा : गावाजवळच्या चिंचेवरची वटवाघळं दरवर्षी काही महिने दिसत नाहीत, ती स्थलांतर करतात का? आणि झाड आता रिकामंच आहे, तर तोडायला काय हरकत?

हरकत मोठी आहे. मी भंडारा जिल्ह्यातला, आमच्याकडे मामा तलावांच्या, म्हणजे मालगुजारीच्या काळातल्या जुन्या गावतलावांच्या, पाळीवरच्या जुन्या झाडांवर यांची वस्ती असते. पंख पसरले की चार फूट भरणारी, फळं खाणारी ही वटवाघळं. झांबियातल्या कासांका उद्यानात ऑक्टोबर ते डिसेंबर यांचे आफ्रिकी भाऊबंद दुरून येऊन जमतात, कोटीच्या घरात. आपल्याकडची तेवढा लांब पल्ला गाठत नाहीत, ती खाण्यामागं फिरतात. चैतात मोह, मग आंबा, जांभूळ, वड, उंबर. जिकडे बहर तिकडे मुक्काम, आणि मग पुन्हा आपल्या जुन्या झाडावर.

मोह फुलला की रात्री झाडाखाली थांबून बघा. वटवाघूळ फांदीला लटकतं, घोस तोंडाजवळ ओढतं, रसाळ फूल चावून खातं. तोंडावरच्या लवेला परागकण चिकटतात आणि तसंच ते पुढच्या मोहावर जातं. आपण वेचतो ती मोहफुलं आणि तेलाच्या बिया, दोन्हींमागं त्यांची ही रात्रपाळी आहे. वड-उंबराच्या बियाही ती उडता उडता लांबवर टाकतात.

मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, तेही बहुधा उन्हाळ्याच्या तोंडाशी. पारा ४५ वर गेला की पिल्लू पोटाशी धरून ती पंखांनी वारा घेते. संध्याकाळी तलावावर झेपावून ओटीपोट भिजवते आणि नंतर ते पाणी चाटते. दाट सावली आणि जवळ पाणी, अशी जागा पुन्हा मिळणं कठीण. म्हणून ती नसतानाही झाड त्यांचंच समजायला हवं, मला तरी असंच वाटतं.

कायद्यातही बदल झालाय. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ही उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२च्या दुरुस्तीनं ती दुसऱ्या अनुसूचीत आली, म्हणजे आता त्यांना संरक्षण आहे.

झाडाचा लिलाव ठरायच्या आधी ग्रामसभेत विषय घ्या, वस्तीचे जुने फोटो असतील तर जोडा आणि वनरक्षकाला लेखी कळवा.