मडगार्ड नसलेली फोर्ड : फोटो कुठल्या सालचा?

प्रश्न : मामा १९५०च्या दशकात शिकायला कॅलिफोर्नियात होते. त्यांच्या अल्बममध्ये मडगार्ड आणि बॉनेट काढलेल्या एका उघड्या फोर्डचे सहा कृष्णधवल फोटो आहेत. मागे काही लिहिलेलं नाही. गाडी कुठल्या सालची आणि फोटो कधीचा, हे कसं ठरवायचं? — एक वाचक, पुणे

उत्तर : हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अशी जुनी गाडी कापून-जोडून वेगासाठी बदललेली, म्हणजे हॉट रॉड, ही गोधडीच. बॉडी एका सालची, चासी (खालचा सांगाडा) दुसऱ्या, इंजिन तिसऱ्या. त्यामुळे फोटोचं वय काढताना गाडीतला सगळ्यांत नवा भाग शोधायचा. फोटो त्याच्याआधीचा असूच शकत नाही.

बॉडीपासून सुरुवात करा. समोरच्या काचेच्या अगदी पुढे पेट्रोलच्या टाकीचं झाकण दिसत असेल तर बॉडी फोर्डच्या मॉडेल ए गाडीची, म्हणजे १९२८ ते १९३१ची. १९३२ला फोर्डने टाकी मागे नेली. मग चासीची बाजूची पट्टी पाहा, मडगार्ड नसल्यामुळे ती उघडीच असते. १९३२च्या पट्टीवर लांब, वळणदार उठाव दाबलेला आहे. मॉडेल एची पट्टी साधी. मॉडेल एची बॉडी १९३२च्या चासीवर, ही जोडी त्या काळात फार लोकप्रिय होती. तेव्हा नुसत्या बॉडीवरून साल लिहून मोकळे होऊ नका.

खरी माहिती इंजिन देतं. इंजिनाच्या सपाट हेडवर (सिलिंडरांवरच्या झाकणावर) वरून स्पार्क प्लग बसवलेले दिसले तर ते फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांचं. भिंग घेऊन एका हेडचे बोल्ट मोजा. २१ असतील तर १९३२ ते १९३८मधलं, २४ असतील तर १९३८ किंवा नंतरचं. कार्बोरेटरमागे लपलेले बोल्ट अंदाजाने मिळवू नका, फरक अवघ्या तिनाचा आहे. डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) पुढच्या बाजूला उभा असेल तर इंजिन १९४९ किंवा नंतरचं, ट्रकचं असेल तर १९४८चंही. हेडवर पत्र्याची लांबट झाकणं आणि प्लग बाजूला, असं दिसलं तर ते फ्लॅटहेड नव्हेच. कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलची तशी व्ही-८ इंजिनं १९४९ला आली, शेव्हरलेचं २६५ घन इंचांचं १९५५ला.

चाकंही बोलतात. बोल्ट रिमच्या जवळ, १०¼ इंचांच्या मोठ्या वर्तुळावर असतील तर चाकं १९३६ ते १९३९ची. मधोमध ५½ इंचांच्या वर्तुळावर असतील आणि चाक तारांचं नसून पत्र्याचं असेल तर १९४० किंवा नंतरची. मागे १९५०च्या पॉन्टिअॅकचे गोल दिवे लावलेले सापडले तर बाकी काही म्हणो, फोटो युद्धाआधीचा नाही.

नंबरप्लेट शेवटी. कॅलिफोर्नियात १९५१पासून काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं होती, १९५६ला पिवळ्यावर काळी झाली आणि १९६३ला पुन्हा काळ्या पाट्या आल्या. कृष्णधवल फोटोत पाटी गडद की फिकी, एवढं कळलं तरी पुरतं.

मागे सपाट मैदान असेल तर जमीन पाहा. टायरच्या कडांना पांढरा थर चिकटलेला असेल तर बहुधा युटामधलं बॉनव्हिलचं मीठ. तिथला स्पीड वीक, म्हणजे वेगाच्या चाचण्यांचा आठवडा, १९४९ला सुरू झाला. भेगाळलेली चिकणमाती असेल तर कॅलिफोर्नियातल्या एल मिराजसारखं कोरडं तळं. म्यूरॉक हे तिथलंच तसं दुसरं तळं, पण ते तोवर लष्कराकडे गेलं होतं.

प्रश्न : यांतल्या एका फोटोत स्टेअरिंग उजवीकडे आहे. ती गाडी इंग्लंडची का? — तेच वाचक

उत्तर : बहुधा निगेटिव्ह उलटी ठेवून छापली आहे. नंबर वाचता येत नसेल तर माणसांचे शर्ट पाहा. छातीवरचा एकच खिसा घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला दिसला की फोटो उलटा. फोर्डच्या उजव्या स्टेअरिंगच्या गाड्याही होत्या, आपल्याकडे कॅनडातून आल्या त्या तशाच. पण उरलेल्या पाच फोटोंत तीच गाडी डाव्या स्टेअरिंगची असेल तर वाद संपला.

प्रश्न : फोटो अल्बमच्या चिकट पानांना घट्ट बसले आहेत. सोडवून स्कॅन करू का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी पानासकट स्कॅन करा, मग हात लावा. सोडवताना दातांत फिरवतात तो मेण नसलेला धागा कोपऱ्यातून आत घालून करवतीसारखा हलवा. फोटो वाकायला लागला की थांबा. वाकल्यावर इमल्शनला (फोटोवरच्या चित्राच्या थराला) तडा जातो आणि तो भरून येत नाही. छोट्या, ६ × ९ सेंमीच्या फोटोंना १२०० डीपीआय ठेवा, फाइल टिफ. पांढरी कड कापू नका. कडेवर छापलेला महिना-साल हाताशी येतो, मात्र तो फोटो धुतल्याचा असतो, काढल्याचा नव्हे.

निगेटिव्ह असतील तर २४०० डीपीआय किंवा अधिक, आणि स्कॅनरची इन्फ्रारेड धूळ-सफाई बंद. कृष्णधवल निगेटिव्हमधली चांदी इन्फ्रारेड अडवते, मग यंत्र चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतं.

नंतर फोटो पॉलिएस्टरच्या किंवा आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या नको. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट पावसाळ्यात टाळाच. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या ओल्या झाल्यावर वाळवायचं किंवा बदलायचं विसरू नका.