जुन्या पिस्तुलासोबतची लाकडी पेटी मूळचीच आहे हे कसं ओळखायचं? पेटीसाठी जादा पैसे द्यावेत का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. मी दिले होते, म्हणून सांगतोय.

मी बर्मिंगहॅमला असतो. काही वर्षांपूर्वी इथल्या एका छोट्या लिलावात 1830च्या आसपासचं ठासणीचं, केपाचं (म्हणजे घोडा आपटून छोटी टोपी फुटते आणि दारू पेटते, तसलं) पिस्तूल घेतलं. महोगनीची पेटी, आत हिरवी बनात (जाड लोकरी कापड), कप्प्यांत दारूची कुपी, गोळ्या ओतायचा साचा, तेलाची बाटली. झाकणाला आतून बंदूकवाल्याचं पिवळं पडलेलं लेबल. नुसतं पिस्तूल निम्म्यात मिळालं असतं.

त्या उन्हाळ्यात बाबा सावंतवाडीहून आले. जन्म सुतारकामात गेला, बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. पिस्तूल उचलून त्यांनी बाजूला ठेवलं आणि पेटी मांडीवर घेतली. फूटपट्टीने बाहेरची उंची मोजली, मग आतली खोली. दीड इंचाचा फरक. "एवढो जाड तळ कोण घालता रे?" मग नखाने बनातीचा कोपरा उचलला, तर खालचा गोंद रबरासारखा ताणत आला. त्या काळात सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद, वापरायचे. तो वाळून काचेसारखा तपकिरी होतो, उचकटला की तुकडे पडतात. एका कप्प्याचा स्क्रू काढला, तर त्याला टोक. लाकडाचे टोकदार स्क्रू सर्रास मिळायला लागले ते 1850च्या सुमाराला, त्याआधीचे खालून बोथट असायचे. शेवटी खोटा तळ निघाला आणि खाली दिसले जुन्या कप्प्यांचे व्रण आणि शाईचा डाग. कुणाची तरी लिहायची पेटी होती.

"ह्या पेटयेत पिस्तूल कधी रवलाच नाय, झिला."

दोन दिवस मी त्यांच्याशी वाद घातला. तिसऱ्या दिवशी लेबलावर भिंग धरलं. अक्षरांच्या कडांना आजच्या रंगीत छपाईचे बारीक ठिपके. पिवळेपणा बहुधा चहाचा. विकणाऱ्याने अर्थातच परत घेतलं नाही.

तेव्हा पिस्तूल उचला आणि खालची बनात बघा. दीडशे वर्षं एकाच जागी वस्तू पडून असेल तर तिथे तेलाचा डाग हवा, घोडा रुतल्याची खूण हवी, रंग आजूबाजूपेक्षा गडद हवा. माझ्या पेटीत सगळीकडे एकसारखं हिरवंगार कुरण होतं.

लोखंडावरच्या लबाड्या त्या मानाने सोप्या. गंजाच्या खड्ड्याच्या आत शिक्का स्वच्छ उमटलेला दिसला, तर तो गंजानंतर मारलाय. खैबर खिंडीकडे बनलेल्या ब्रिटिश बंदुकांच्या नकलांवर व्हिक्टोरिया राणीची VR ही अक्षरं आणि खाली 1901 नंतरचं साल सापडतं. राणी 1901 सालीच वारली.

एक मात्र आहे. बिजागरीचे स्क्रू लोक बदलतात, फाटलेली बनातही कुणी प्रामाणिकपणे नवी लावतं. एकाच खुणेवरून कुणाला चोर ठरवू नका. माझ्या पेटीत झाडून सगळ्या होत्या. आणि तुम्ही भारतात असाल तर कायद्याचं आधी बघा. 1959च्या शस्त्र कायद्याचं कलम 45 सूट देतं ती दुरुस्त करूनही न उडणाऱ्या जुन्या हत्याराला. शंभर वर्षांच्या वरची वस्तू असेल तर 1972चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो.

इथला माझा एक संग्राहक मित्र अजून म्हणतो, "पेटी जुनी, पिस्तूल जुनं, मग खोटं काय त्यात?" अरे, पैसे कशाचे घेतले? ती दोघं पहिल्यापासून एकत्र होती, याचे. तेवढंच तर खोटं होतं! त्याच्याकडे अशा चार पेट्या आहेत. बाबा इथे होते तेव्हा मी त्याला दोनदा जेवायला बोलावलं, येताना एखादी घेऊन ये म्हटलं. दोन्ही वेळा आला, जेवला, पेटी विसरला.